आरोग्याच्या सवयी व शेजाऱ्याचे आरोग्य

वाईट हेतूने वाईट कृत्य झाले, तर त्याचा न्याय करणे फारसे कठीण नसते. परंतु चांगली म्हणून शिकविलेली, चांगल्या हेतूने धरलेली आणि नेमाने पाळलेली एखादी सवय असावी, व तिच्यातूनच दुसऱ्याच्या घरी दुखणे जावे, अशा वेळी दोष कोणाच्या पदरी घालावा? हा प्रश्न मजपुढे एखाद्या ग्रंथातून आला नाही. तो पाण्याच्या एका निळ्या पिंपातून आला, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

कल्याण शहराच्या पूर्वेकडील एका चाळीत आमचे बिऱ्हाड आहे. नळास पाणी ठराविक वेळी येते. दुरुस्तीचे किंवा टंचाईचे कारण निघाले म्हणजे एखादा दिवस मुळीच येत नाही. ज्या घरात आजारी माणूस, म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल आहे, त्या घरात पाण्यावाचून एक दिवस काढणे म्हणजे काय, हे ज्याने काढला त्यास ठाऊक. म्हणून आलेले पाणी भरून ठेवावे, पिंप कधी रिते पडू देऊ नये, ही आमच्या घरची पहिली शिस्त. माझी आई खेड्यातली. तिने पटकीची साथ पाहिली होती. पिण्याचे पाणी गाळून व उकळून घ्यावे, बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत, हात धुतल्याशिवाय अन्नास शिवू नये, हे तिने आम्हा भावंडांस बाराखडीच्या आधी शिकविले. या सर्व सवयींच्या मुळाशी ते भरलेले पिंप होते. पाणीच नसेल तर धुणार कशाने?

एके वर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास महानगरपालिकेचा एक कामगार हातात विजेरी घेऊन दारोदार फिरत आमच्या दारी आला. पिंपाचे मूळचे झाकण फुटून वर्ष होऊन गेले होते. त्यावर मी एक फळी आडवी टाकून ठेवली होती. त्याने फळी सरकविली, आत प्रकाश टाकला आणि मला म्हणाला, "काका, जरा वाकून बघा." मी वाकलो. स्वच्छ, नितळ पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, आणि प्रकाश पडताच त्या भराभर खाली गेल्या.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मी म्हटले, "आमचे पाणी स्वच्छ आहे. डास होतात ते त्या समोरच्या गटारात. तिकडे औषध मारा." तो शांतपणे म्हणाला, "गटारातला डास वेगळा, काका. हा चांगल्या पाण्यातला." मग त्याने ते पिंप अंगणात कलंडविले, आतील बाजू ब्रशाने घासली, आणि पुढच्या दाराकडे गेला.

त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्यापासून चौथ्या खोलीतील एका मुलीस डेंग्यू होऊन इस्पितळात ठेवावे लागले होते. ती बरी होऊन घरी आली. मला कोणी दोष दिला नाही. देण्याचे कोणाच्या मनातही आले नसावे. परंतु त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता त्या कामगाराने सांगितले ते कितपत खरे, याची मी माझ्यापुरती चौकशी केली. डेंग्यूचा ताप ज्या डासामुळे पसरतो त्यास एडीस इजिप्ती म्हणतात. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो रात्री नव्हे, तर दिवसा चावतो. विशेषेकरून सकाळी व सूर्यास्तापूर्वी. त्याची मादी घाण पाण्याच्या वाटेस सहसा जात नाही. तिला माणसाच्या घराजवळचे, साठविलेले, संथ व बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडते: पिंप, हौद, रांजण, फुलदाणी, कुंडीखालची थाळी, शीतकपाटामागची तबकडी, पावसात पडलेला टायर, नारळाची करवंटी. ती आपली अंडी पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीस चिकटवून ठेवते. पाणी आटले तरी ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात, आणि पाणी पुन्हा वर चढले म्हणजे फुटतात. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, असे आरोग्य खाते सांगते. आणि म्हणूनच नुसते पाणी ओतून देणे पुरे होत नाही. आतील भिंत घासून काढावी लागते. हे मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते असे नाही. भिंतीवर लावलेल्या पत्रकांत ते होते. ती पत्रके दुसऱ्यांसाठी आहेत, असे मी समजत होतो.

आणखी एक गोष्ट कळली, आणि तीच मला अधिक बोचली. हा डास फार लांब उडत नाही. तो बहुधा ज्या घरात जन्मतो त्या घरात किंवा त्याच्या आसपास, शेदोनशे मीटरांच्या आतच आपले आयुष्य काढतो. म्हणजे माझ्या पिंपातील डासाने इजा केली तर ती ज्याचे तोंडही मी पाहिले नाही अशा परक्यास व्हायची नाही. ती माझ्या बायकामुलांस व्हायची, नाही तर भिंतीपलीकडील माणसास.

मी त्या कामगारास गटार दाखविले, यात माझी एक जुनी खोड दडलेली होती. स्वच्छतेची सवय अंगी बाणली म्हणजे तिच्याबरोबर एक ताठाही येतो. आपण उकळलेले पाणी पितो, आपल्या घरी फरशी रोज पुसली जाते; तेव्हा रोगराई आली तर ती पलीकडील झोपड्यांतून, त्या उघड्या नाल्यातून, त्या अडाणी लोकांकडून आली असणार. गटारातील डास निरुपद्रवी आहे असे नव्हे; हत्तीपाय रोग तो पसरवितो. परंतु या रोगापुरते पाहिले, तर ज्या झोपडीत पाणी साठवायला भांडेच नाही ती झोपडी निर्दोष असू शकते, आणि कुंड्यांच्या रांगा लावलेला सज्जा दोषी असू शकतो. ज्यास आपण बोट दाखवितो त्याच्यापेक्षा आपणच अपराधी निघावे, हा अनुभव ज्यास आला नाही त्याने आपले पिंप उघडून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझा हेतू वाईट नव्हता. पाणी भरून ठेवणे ही काही चैन नव्हती, आळस नव्हता. उलट पहाटे चार वाजता उठून करावयाचे कष्ट होते. मग मला दोष कसा लागावा? कित्येक जण म्हणतील, हेतू शुद्ध असला म्हणजे झाले. फळ आपल्या हाती नाही. ही समजूत आपल्या देशात फार जुनी आहे, आणि तिच्यात मोठे समाधान आहे. परंतु मला वाटते, तिचा आपण बहुतकरून गैरवापर करतो. फळाची आसक्ती नसावी, हे म्हणणे वेगळे. आणि फळाकडे पाहूच नये, हे म्हणणे वेगळे. पहिल्यात मनुष्य आपल्या लोभापासून सुटतो. दुसऱ्यात तो आपल्या शेजाऱ्यापासून सुटतो.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयास लागू पडणारे दोन नियम निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात जवळजवळच आले आहेत, आणि ते आपण क्वचितच वाचतो. एक खड्ड्याविषयीचा. कोणी खड्डा उघडला किंवा खणला आणि झाकून ठेवला नाही, व त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने जनावराची किंमत भरून द्यावी आणि मेलेले जनावर आपण घ्यावे. त्या कोरड्या देशात असे खड्डे पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणीत असत. मूळ भाषेत खड्ड्यास व पाण्याच्या टाक्यास एकच शब्द आहे. तेव्हा खड्डा खणणारा मनुष्य दुष्ट नव्हता. तो माझ्यासारखाच घरासाठी पाण्याची तजवीज करीत होता. नियमात त्याच्या हेतूची विचारपूस मुळीच नाही. खड्डा खणू नये, असेही त्यात म्हटलेले नाही. त्याचा दोष झाकण घातले नाही एवढाच. आणि शिक्षाही तेवढीच आहे: नुकसान भरून देणे. त्यास कोणी खुनी म्हटलेले नाही.

दुसरा नियम मारक्या बैलाचा. बैलाने पहिल्यांदाच कोणास शिंग मारून ठार केले, तर बैल मारावा, पण धनी निर्दोष समजावा. परंतु बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्यास तशी सूचना दिलेली असेल, आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर धनीही अपराधी ठरतो, व त्याचा अपराध फार जड मानला आहे. बैल तोच, शिंग तेच, मेलेला मनुष्यही तसाच; फरक एवढाच की मध्यंतरी धन्यास ते कळले होते. गावाकडील वाचकांस हा नियम समजावून सांगण्याचे कारण नाही. दावे सोडून ठेवलेला मारका बैल आणि एरव्ही गरीब असलेला बैल यांतील अंतर गावचा पोरही जाणतो.

हे दोन नियम एकत्र ठेवले म्हणजे माझा निवाडा मला स्पष्ट दिसतो. विजेरीचा प्रकाश पिंपात पडण्यापूर्वी मी खड्ड्याचा धनी होतो. पडल्यानंतर मी मारक्या बैलाचा धनी झालो. पूर्वीच्या दोषाची भरपाई आहे. नंतरच्या दोषास सबब नाही.

कोणी म्हणेल, त्या मुलीस चावलेला डास तुमच्याच पिंपातला होता कशावरून? मलाही तो विचार सुचला, आणि खरे सांगावयाचे तर मी त्यास काही दिवस चिकटून राहिलो. पिंपातून निघालेला डास बहुधा रोगाशिवायच निघतो. डेंग्यूच्या रोग्याचे रक्त प्यायल्यावर आठ ते बारा दिवसांनी तो दुसऱ्यास रोग देण्याजोगा होतो. म्हणजे कोठून तरी तापाचा रोगी आधी चाळीत आला पाहिजे. आणि कल्याण तर जंक्शन. 1854 साली आगगाडी येथवर आली तेव्हापासून येथे येणाऱ्याजाणाऱ्याची गणती नाही. शिवाय चाळीत पिंपे चाळीस. अशा रीतीने दोष इतक्या जणांत वाटला जातो की प्रत्येकाच्या वाट्यास आलेला तुकडा डोळ्यास दिसू नये. परंतु वाटून घेतल्याने दोष नाहीसा होतो काय? दहा जणांनी मिळून उचललेले ओझे प्रत्येकास हलके लागते, पण ओझे तेवढेच असते. पुरावा नाही, ही सबब न्यायालयात चालेल. मला प्रश्न पडला होता तो न्यायालयाचा नव्हता.

मुंबईत अशीच गोष्ट पूर्वी एकदा घडली आहे. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, तरीही अनेक घरांत जुन्या विहिरी वापरात राहिल्या. कोणास ते पाणी थंड व गोड वाटे, कोणास धर्मकृत्यास विहिरीचेच पाणी लागे. त्या विहिरी लोकांनी निगुतीने राखल्या होत्या. पुढे शहरात हिवतापाने फार त्रास दिला, तेव्हा सरकारने डॉ. बेंटली यांस कारण शोधावयास सांगितले. 1911 साली त्यांनी आपला अहवाल दिला. शहरात हिवताप पसरविणारा डास दलदलीत किंवा नाल्यात नव्हे, तर मुख्यत्वे घरगुती विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत वाढतो, असे त्यातून दिसून आले. मग विहिरी बुजवा किंवा झाका असा हुकूम निघू लागला, आणि तंटे झाले. पिढ्यान्‌पिढ्यांची पवित्र विहीर, ती दोषी कशी? पुष्कळ वादावादीनंतर काही ठिकाणी तोड निघाली ती अशी की विहिरीचे तोंड बंद करावे, व पाणी काढण्यापुरते बारीक तारेच्या जाळीचे एक लहान दार ठेवावे. विहिरीचे पावित्र्यही राहिले आणि शेजाऱ्याचा हिवतापही टळला. मला ही तोड फार आवडते. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना आपली सवय सोडावी लागली नाही. तिला एक दार बसवावे लागले.

परंतु जेथे दोष कोणासच दिसू शकत नव्हता, तेथे काय म्हणावे? याचे मोठे व दुःखद उदाहरण आपल्या प्रांताबाहेरचे, बंगालचे आहे. पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लोक तळ्यांचे व नद्यांचे पाणी पीत, आणि पटकी व हगवणीने मुले मरत. 1970 नंतरच्या वर्षांत सरकारने व संयुक्त राष्ट्रांच्या बालकोषाने गावोगाव कूपनलिका खणण्याचा मोठा उद्योग केला. लोकांस शिकविले की तळ्याचे पाणी सोडा, हातपंपाचे प्या. लोकांनी ऐकले. पुढे लाखो कुटुंबांनी आपल्या पैशानेही पंप बसविले. त्या जमिनीच्या पोटात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, नैसर्गिकरीत्या मुरलेले होते. पाणी दिसावयास नितळ, चवीस गोड. विषाचा परिणाम दिसावयास वर्षे लागतात. पश्चिम बंगालात 1983 साली व बांगलादेशात 1993 साली ते उघडकीस आले, तोपर्यंत कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या प्रकारास लोकसमूहास झालेली इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा म्हटले गेले.

ज्या शिक्षकाने किंवा दाईने त्या गावच्या बायांस हातपंपाचे पाणी प्या असे सांगितले, तिला मी दोषी म्हणणार नाही. तिचा बैल पूर्वी कधी कोणास मारला नव्हता. परंतु कळल्यानंतर काय केले, हा प्रश्न उरतोच. तेथे पुढे पंपांची तपासणी करून विषारी पंपास तांबडा व निर्धोक पंपास हिरवा रंग दिला. ज्याचा पंप तांबडा निघाला त्याने शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर जावे, अशी योजना होती. आणि पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांनी आपले पंप मोकळे केले.

तरीही या कथेचा एक उत्तरार्ध आहे, तो त्यांच्यासाठी, जे अशी उदाहरणे ऐकून हसतात आणि म्हणतात, "बघा, ही सारी नवी थेरं! आमचे आजोबा ओढ्याचे पाणी पिऊन ऐंशी वर्षे जगले." (त्यांच्या आजोबांची किती भावंडे पाळण्यातच गेली, हे मात्र ते मोजीत नाहीत.) काही संशोधकांनी बांगलादेशात तपास केला, तेव्हा असे आढळले की सोमलाच्या भीतीने ज्या घरांनी आपले पंप सोडले, तेथे लहान मुलांचे मृत्यू वाढले. कारण पंप सोडला तो तळ्यासाठी, किंवा लांबून आणून घरात बराच वेळ साठवून ठेवलेल्या पाण्यासाठी. आणि जुनी हगवण परत आली. तेव्हा चांगल्या सवयीचे वाईट फळ दिसताच सवयच टाकून देणे हाही शहाणपणा नव्हे. हात धुणे सोडल्याने कोणाचा डेंग्यू बरा होत नाही. आणि उपायासही आपले उपाय असतात! डासांच्या अळ्या खातो म्हणून गॅम्बुझिया नावाचा मासा 1928 साली परदेशातून आपल्या देशात आणला. तो अळ्या खातो हे खरे, पण तो आमच्या ओढ्यातळ्यांतील लहान देशी माशांची अंडी-पिलेही खातो. म्हणून कोणी मासा आणून द्यावा, आपण तो सोडावा व निश्चिंत व्हावे, असे होत नाही. पाहत राहावे लागते.

खेड्यातील वाचकांस वाटेल, हे शहराचे दुखणे आहे. आता तसे राहिलेले नाही. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस चिकुनगुन्याची साथ आली होती, ती याच डासाची. आणि 2006 साली तोच सांधे धरणारा ताप महाराष्ट्रभर पसरला तेव्हा खेडी सुटली नाहीत. गावोगाव नळ आले, पण नळास पाणी रोज येतेच असे नाही, म्हणून घरोघर पिंपेही आली. संडास झाले, ही तर फारच चांगली गोष्ट; परंतु त्यांच्या टाक्यांवरील वायुनळीस जाळी बांधली नाही तर त्या टाक्या डासांचे माहेर होतात. जुन्या पाड्यावरची म्हातारी रोज सकाळी रांजणातील शिळे पाणी ओतून, रांजण घासून, मग नवे भरीत असे. तिला एडीसचे नाव ठाऊक नव्हते. विहीर जवळ होती, पाणी ओढून आणता येत होते, म्हणून शिळे टाकता येत होते. पाणी पाळीने येऊ लागले तेव्हा ती जुनी सवय गेली, आणि भरून ठेवण्याची नवी आली. दोन्ही सवयी चांगल्याच. पण एकीने जे आपोआप होत होते ते दुसरीत करावे लागते.

येथे मला एक अडचण मनमोकळेपणाने मांडली पाहिजे. आठवड्यास पिंप ओतून द्या, हे सांगणे ज्याच्या पिंपात उद्या पुन्हा पाणी येणार आहे त्यास शोभते. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. 1892 पासून त्याचे पाणी मुंबईस जाते. त्याच तालुक्यात भातसा आहे. तिचे पाणी मुंबई-ठाण्यास जाते. आणि त्या धरणांच्या भोवतालच्या कित्येक पाड्यांस चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. शहरी माणसास दररोज 135 लिटर व खेड्यातील माणसास 55 लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मापच आहे. टंचाईत तेही पुरे पडत नाही. दोनदा स्नान करणे ही माझी आरोग्याची सवय. तिचे पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न डासाच्या प्रश्नाचाच मोठा भाऊ आहे. माझ्या पिंपातून डास भिंतीपलीकडे जातो. माझ्या नळातून पाडा कोरडा होतो. पहिले मला विजेरीने दाखविता आले. दुसरे दाखविण्यास तितकी लांब विजेरी नाही, एवढेच. त्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. मी एक स्नान कमी केले, आणि त्याने शहापूरच्या कोणत्याही पाड्यास एक हंडाही अधिक मिळाला नसेल, हे मला कळते. तरी हिशेब लावू लागल्यावर एवढे तरी करावेसे वाटले.

म्हणून टँकरच्या गावी राहणाऱ्या बहिणींस पाणी ओतून टाका असे मी सांगणार नाही. त्यांनी पिंपाच्या तोंडावर घट्ट विणीचे फडके बांधावे, ते सुटू देऊ नये, आणि पाणी तळाशी जाईल त्या दिवशी नवे भरण्यापूर्वी आतील भिंत चोथ्याने घासून काढावी. अंडी तेथे असतात. ज्यांस ओतणे परवडते त्यांनी ते कोरड्या जमिनीवर किंवा झाडांच्या मुळाशी ओतावे. आणि घरात डेंग्यूचा रोगी असेल तर त्यास दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. तो रोग्याच्या सोयीसाठी नव्हे. रोग्याचे रक्त डासास मिळू नये, व तेथून शेजारी जाऊ नये, म्हणून.

आमच्या चाळीतील गोष्ट तेवढी अपुरी राहिली. पुष्कळ दिवस मी त्या मुलीच्या आईस काही बोललो नाही. ती भेटे, मुलीची प्रकृती सांगे, आणि मी मान हलवी. अखेरीस एका संध्याकाळी मी तिच्या दारी गेलो आणि म्हटले, "ताई, तुमची मुलगी आजारी पडली त्या दिवसांत आमच्या पिंपात अळ्या निघाल्या होत्या. तुम्हांस सांगायचे राहून गेले." ती भाकरी थापीत होती. हात न थांबविता ती म्हणाली, "आमच्याही पिंपात निघाल्या, काका. मला वाटले, तुम्हांला कोणी तरी सांगितले असेल, म्हणून तुम्ही बोलत नाही." काही वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग तिने मला बसावयास पाट दिला.

तिचे पिंप आमच्यापेक्षा मोठे आहे आणि तिला एकटीला कलंडत नाही. शनिवारी सकाळी पाणी येण्याच्या आधी तिचा थोरला मुलगा व मी मिळून ते अंगणात नेतो, घासतो आणि उन्हात पालथे घालतो, त्यानंतर आमचे.